सिस्टरांचा नाइट ऑफ

अन्याय झाला तो माझ्या घरमालकीणबाईंवर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, राहणार मनीषनगर, नागपूर. आणि झाला तो त्या अमेरिकेत मुलाच्या घरी पोचल्या त्या पहिल्याच रात्री, अंघोळ करून, ओले केस टॉवेलात गुंडाळून त्या पलंगाच्या काठावर टेकल्या तेव्हा. मुलगा खोलीत आला, नुकतं जन्मलेलं बाळ त्यानं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आई, तुला तर आता जेट लॅग. झोप येणारच नाही. आणि नाइट ड्युटीची तुला सवयच आहे. आजची रात्र तू बघ ना."

आजची रात्र सहा महिने चालली.

पत्रकाची सुरुवात अशी करायची हे मला त्यांनीच शिकवलं. मी उमरेडहून नागपूरला आले ती कंत्राटी नर्सेसच्या संघटनेचं काम करायला. त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. पहिलं पत्रक लिहिलं, 'शोषणाच्या घनघोर अंधारात' वगैरे, आणि फार खुशीत त्यांना वाचायला दिलं. त्या फाटकापाशी खुर्ची टाकून संत्रं सोलत होत्या. वाचलं, एक बी थुंकली, आणि विचारलं, "कोण मेलं वं?"

"कोणी नाही, सिस्टर."

"मग इतकं रडून काहून राहिली? वार्डात पाळी बदलते तवा आम्ही पुढच्या सिस्टरले कसं सांगतो? खाट कोणती, पेशंट कोण, कधी काय झालं. आणि शेवटी काम सांगतो. सलाइन बदल, नाही तर डॉक्टरले बोलाव. तुह्या कागदात वाचणाऱ्याले काम कुठं हाये?"

मी विशेषणं खोडली. आजवर खोडतेच आहे.

सगळं मनीषनगर त्यांना सिस्टरच म्हणायचं. भाजीवाला, दूधवाला, समोरच्या घरातले निवृत्त हेडक्लार्क, सगळे. बाकीच्या बायका सोन्याबद्दल बोलतात तसं सिस्टर झोपेबद्दल बोलायच्या. दारात आलेल्या माणसाला 'जेवला का' विचारायची आपली रीत. त्या विचारायच्या, "झोपला का?" उत्तरावर विश्वास नसायचा. गॅस सिलिंडर खांद्यावर घेतलेल्या माणसालाही उभं करून, बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. "खोटं बोलून राहिला. सिलिंडर खाली ठेव आणि त्या बाकावर आडवा हो." आणि तो खरंच व्हायचा. फाटकाआत कडुनिंबाखाली त्यासाठीच एक लांब बाक होता. त्यावर मी मनीषनगरातले अर्धे कष्टकरी झोपलेले पाहिले आहेत.

या वेडाला कारण होतं. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर, या दवाखान्यात पाळीवर. "आमचा संसार दाराच्या कडीपाशी झाला," त्या सांगायच्या. "तो आत येऊन राहिला, मी बाहेर जाऊन राहिली. चाबी हातात द्यायची तेवढा हात लागायचा." दोघांतलं कोणी ना कोणी दिवसा झोपलेलं असायचं, म्हणून मुलगा लहानपणापासून टाचा उचलून चालायला शिकला. दुपारी गोट्या खेळायचा तर मातीत, फरशीवर नाही. त्यानंच पाटीवर पांढऱ्या रंगानं वेड्यावाकड्या अक्षरात लिहून फाटकाला टांगलं होतं: 'आई झोपली आहे. बेल वाजवू नये.' मुलगा मोठा झाला, अमेरिकेला गेला, नवरा गेला, पण पाटी तशीच होती. मी राहायला गेले तेव्हा बेल वाजवायला हात उचलला आणि ती वाचून तशीच उन्हात उभी राहिले. सिस्टर आतून ओरडल्या, "वाजव ना वं! ते जुनं हाये!"

जेट लॅगवर त्या बोलायला लागल्या की ऐकत राहावं. मनीषनगरात मुलगा नाही तर मुलगी परदेशात असलेली घरं पुष्कळ. सुनेच्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाया आणि त्यांचे नवरे आधी सिस्टरांकडे येत. सिस्टर तोवर विमानात बसलेल्या नव्हत्या. पण उलट्या वेळी जागणं आणि उलट्या वेळी झोपणं यातलं त्यांना न कळणारं काही नव्हतं. विमानात बसल्याबसल्या घड्याळ तिथल्या वेळेवर लावायचं. दुपारनंतर चहा बंद. तिथं सकाळ असेल तेव्हा कितीही डोळे मिटले तरी बाहेर उन्हात बसायचं. भूक नसली तरी तिथल्या जेवणाच्या वेळेला ताटावर बसायचं. आणि आठ दिवस एक प्रश्न तोंडातून काढायचा नाही: आता नागपुरात किती वाजले?

इथवर ठीक. यापुढे त्यांची स्वतःची विद्या सुरू व्हायची. पोटाला फसवल्याशिवाय झोप वळत नाही, आणि विदर्भाचं पोट ब्रेडनं फसत नाही, म्हणून पहिल्या सकाळी तिथं ज्वारीची भाकर खायचीच. त्यामुळे समोरचे हेडक्लार्क ज्वारीचं पीठ घेऊन गेले. तिकडच्या विमानतळावर ती पिशवी उघडली गेली, हुंगली गेली, त्यांना बाजूला बसवून ठेवलं. परतल्यावर ते तावातावानं आले.

"सिस्टर, चोरासारखं बसवलं ना मले! पीठ हाये म्हणतो, तर कोणी ऐकूनच नाही राहिलं!"

"ते जाऊ द्या गा. पण मग झोप आली का?"

"झोप?" हेडक्लार्क घोटाळले. "हाव, झोप आली. तिथंच खुर्चीवर आली."

"मग झालं ना बाप्पा," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. नाकातली चमकी काढून ठेवावी तशी, सहज. बाकीची मी त्यांच्या जुन्या सोबतिणींकडून ऐकली. नवीन असताना एकदा सलग नाइट झाल्या. नाइटनंतर हक्काचा ऑफ असतो. सकाळी मॅट्रननं सांगितलं, दिवसपाळीची नर्स आली नाही, दिवसाची पाळीही तूच कर. या उठल्या, मॅट्रनच्या ऑफिसात गेल्या, टोपी काढली, टेबलासमोरच्या फरशीवर साडी नीट पायाखाली घेऊन आडव्या झाल्या. मॅट्रन किंचाळली. या डोळे मिटून म्हणाल्या, "मॅडम, माणूस मारण्यापरीस मी इथी झोपते. वार्डात गेली तर माह्या हातून चुकीची सुई जाईन." आणि झोपल्या. खरंच झोपल्या, घोरल्यासुद्धा. लोक वाकून बघून जात होते. त्या दिवसापासून त्या दवाखान्यात नाइटनंतरच्या ऑफला कोणी हात लावला नाही. माझ्या मोर्चांपेक्षा ही कारवाई मोठी होती, असं मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "मोर्चा कायचा वं. मले झोप येऊन राहिली होती."

आता या बाईच्या मांडीवर बाळ ठेवलं गेलं.

दोष एकट्या मुलाचा, असं मी लिहिणार नाही. सुनेच्या कंपनीनं तिला रजा दिली ती ओली जखम सुकायच्या आत संपणारी. मुलगाही झोपमोड घेऊन कामावर जायचा. माणसाला मूल होतं हे ज्या कंपन्यांना ठाऊकच नाही, त्या कंपन्यांची तूट नागपूरहून विमानानं मागवलेल्या आईकडून भरून निघत होती. आणि इकडे आम्ही सगळे फाटकापाशी उभे राहून त्यांना म्हणालो होतो, "सिस्टर, नशीबवान तुम्ही! अमेरिका!"

आठेक दिवसांनी जेट लॅग उतरतो. त्यांचा उतरू दिला नाही. बाळ रात्री रडायचं, तेव्हा त्या जाग्याच असायच्या, म्हणून बाळ त्यांच्याकडे. त्या जाग्या राहायच्या म्हणून दिवसा डोळे मिटायचे, पण सुनेची रजा संपल्यावर दिवसाही बाळ त्यांच्याकडेच. शिवाय पोळ्या, शिवाय कपड्यांच्या घड्या. लोक परदेशात जाऊन झोपेची घडी बसवतात. सिस्टरांचं विमान सहा महिने उतरलंच नाही.

त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस. त्यामुळे त्यांचा फोन मला यायचा तो भर उन्हात, मी कुठल्या तरी दवाखान्याच्या आवारात पत्रकं वाटत असताना. घर झोपलेलं म्हणून त्या कुजबुजत बोलायच्या, आणि मी हॉर्नच्या गोंगाटात ओरडायचे.

"आता नागपुरात किती वाजले वं?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी हसले. "सिस्टर! हे विचारायचं नसतं!"

मग त्या म्हणाल्या, "सांग ना. मले बरं वाटते."

मग मी सांगत गेले. वाजले किती, ऊन किती, बाकावर कोण झोपलंय. कधी फोन नुसता हवेत धरायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. जुन्या वस्तीतून काळी आणि पिवळी मारबत, असे दोन मोठे पुतळे मिरवत नेऊन जाळतात, आणि रस्त्याच्या कडेला उभे लोक आपापलं दुखणं तिच्याबरोबर पाठवून देतात. खोकला घेऊन जा गे मारबत, ताप घेऊन जा गे मारबत. सिस्टरांचं घर दीक्षा घेतलेलं, वडील छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे असलेले, देवाधर्माच्या नावानं त्या कधी हात जोडायच्या नाहीत. पण मारबतीला मला हात धरून न्यायच्या आणि गर्दीत ओरडायच्या, "नाइट ड्युटी घेऊन जा गे मारबत!" का, म्हटलं तर म्हणायच्या, "हे देवाचं नाही वं. हे ओरडायचं हाये. वर्षातून एक दिवस बाईनं मोकळं ओरडावं."

त्या वर्षी मी एकटी गेले आणि गर्दीतून त्यांना फोन लावला. ताशाच्या आवाजात त्यांची कुजबुज ऐकू येईना. फोन कानात कोंबला.

"तू ओरड वं," त्या म्हणत होत्या. "मले इथी नाही ओरडता येत. बाळ आत्ताच झोपलं."

"काय ओरडू?"

त्यांनी सांगितलं. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, "जेट लॅग घेऊन जा गे मारबत!"

शेजारचा ताशावाला पोट्टा टिपऱ्या थांबवून माझ्याकडे वळला. "हे कोणती बिमारी हाये ताई? नवीन आली का?"

फोनमध्ये सिस्टर हसत होत्या. तोंडावर पदर धरून हसावं तसं, दबलेलं. मग बाळ रडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्या परत आल्या तेव्हा विमानतळावर मी गेले होते. त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली. मग मी त्यांची पाहिली. त्या म्हणाल्या, "चाल, राहू दे."

आपले सगळे उपाय त्यांनी स्वतःवर केले. ऊन, भाकर, चहा बंद. झोप बसली नाही. बसल्या बसल्या मान पडायची आणि दचकून उठायच्या, हात आधी मांडीवर जायचे, काही घसरत असल्यासारखे. भाजीवाल्याशी बोलता बोलता एकदा त्यांनी हातातला दुधी आडवा धरला आणि हलके हलके थोपटायला लागल्या. त्यांना कळलं तेव्हा दुधी त्याच्या हातात देऊन त्या आत निघून गेल्या.

वर्षं गेली. झोप थोडी जुळली, पूर्वीची नाही. नात पाच वर्षांची झाली आणि मुलाचा फोन आला की पुन्हा पाळणा हलणार आहे, तिथल्या डॉक्टरांनी मुलगा सांगितलाय, तिकीट काढलंय. आधी तिकीट, मग फोन.

"नाही म्हणा," मी म्हटलं.

"कोणाले?"

"मुलाला. तुम्ही मॅट्रनला म्हणालात, त्याला म्हणता येत नाही?"

सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून लहान आहे. "दवाखान्यात अर्ज देता येते. घरात रजेचा अर्ज कोणाले देऊ वं?"

"मी लिहिते त्याला."

"माह्या पोरावर पत्रक काढशीन? खबरदार." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि नातू हाये ना. मले पाह्यचा हाये तो. मले त्याच्यापाशी जायचं नाही असं थोडी हाये."

हेच तर होतं. त्यांना जायचंही होतं आणि झोपायचंही होतं. यात एवढं अशक्य काय आहे? मी म्हटलं, ठीक, जा, पण एक मागणी करा. एकच. हप्त्यातून एक नाइट ऑफ. दार बंद, बाळ आईबापाकडे, सकाळी कोणी उठवायचं नाही. मागणी नेमकी असली की मिळते. त्यांना पटलं. मग आम्ही तालीम केली. बाकावर मी मुलगा होऊन बसले, समोर खुर्चीवर त्या.

"बोल आई," मी म्हणाले.

"मले..." त्या थांबल्या. "तू जेवला का?"

"सिस्टर!"

"हाव हाव. पुन्हा." घसा खाकरला. "मले म्हणायचं होतं का... तू बारीक झाला रे. तिथी ऑफिसात धड खात नसशीन."

मी हसून लोळले. त्याही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना. त्या पदरानं पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅट्रनले मी तोंडावर सांगतलं होतं वं. तोंडावर."

त्या गेल्या. पहिल्या रात्री काय झालं ते मला फोनवर कळलं. तेच झालं. तीच वाक्यं, तीच मांडी.

प्रत्येक फोनला मी विचारायचे, मागितला का? त्या म्हणायच्या, आज त्याचं डोकं दुखत होतं. आज सुनेले ताप होता. मग एका दुपारी फोन आला आणि त्या कुजबुजत नव्हत्या. मोठ्यानं बोलत होत्या.

"मिळाला वं!"

"काय?"

"ऑफ! शनिवारचा! मी म्हटलं, बाप्पा, मले हप्त्यातून एक रात्र पाहिजे. तो पाहूनच राहिला माह्याकडे. मग म्हणते, आई, अगं, आधी का नाही बोललीस? सरळ दिला ना त्यानं!" त्या हसत होत्या. "आता शनिवारी गरम पाण्यात पाय टाकीन, डोक्याले तेल लावीन, आन् दार लावून घेईन. त्याले सांगतलं, बाळ रडलं तरी मले उठवजो नको. सकाळी पण नको. मी उठीन तवा उठीन."

मी कंत्राटी नर्सेसच्या बैठकीत होते. फोन ठेवून मी त्यांना सांगितलं, आपल्या एका सिस्टरला अमेरिकेत नाइट ऑफ मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तिकडे कुठल्या दवाखान्यात.

रविवारी रात्री मुलाचा फोन आला. तिकडे त्यांची सकाळ सरत आली होती.

"ताई," तो म्हणाला. मग सांगितलं. आई झोपेतच गेली. रात्री त्यानं दोनदा दार हळूच उघडून पाहिलं होतं. शांत झोपली होती. त्याला बरं वाटलं होतं. सकाळी नात खोलीकडे धावली तर त्यानंच तिला अडवलं, टाचा उचलून चालायला शिकवलं, सांगितलं की मी लहान असताना अशी पाटी लावली होती. मग नातीनं कागदावर रंगीत खडूनं काही लिहिलं आणि आजीच्या दाराला चिकटवलं. उठवू नका, असं. बराच दिवस वर येईपर्यंत तो कागद सगळ्यांनी पाळला.

"ती म्हणाली होती, उठवू नको," तो म्हणत राहिला. "म्हणून नाही उठवलं. ताई, ती आधी कधी बोललीच नाही. बोलली असती तर मी पहिल्याच दिवशी..."

तो रडत होता.

झोपेच्या तुटवड्यानं मारलं, असंही मी इथे लिहिणार नाही. तिथल्या डॉक्टरांनी हृदय सांगितलं. सिस्टर असत्या तर माझं ते वाक्य खोडून म्हणाल्या असत्या, सिद्ध करता येते का? नाही येत. मला एवढंच लिहिता येतं की ज्या बाईनं एका सकाळी फरशीवर झोपून सगळ्या दवाखान्याला ऑफ मिळवून दिला, तिला स्वतःच्या मुलाकडे तो मागायला इतकी वर्षं लागली. आणि दवाखान्यातसुद्धा ऑफ मागावा लागत नव्हता. तो नियम होता. त्या सकाळनंतर मॅट्रनच्या ध्यानात तो राहिला. आपल्या राहत नाही, कारण आई म्हणजे आपल्याला माणूस वाटतच नाही. जिला झोप नसली तरी चालते, असं काहीतरी वाटतं.

पाटी अजून फाटकाला आहे. मुलगा आला होता, घराचं काय करायचं ते बघायला. फाटकापाशी उभा राहिला, ती वाचली आणि बेल वाजवली नाही. आत कोणी नव्हतं, तरी नाही वाजवली. मी वरून बघत होते. मग तो कडुनिंबाखालच्या बाकावर आडवा झाला आणि डोळ्यांवर हात घेऊन पडून राहिला. मी खाली जाऊन त्याची पापणी ओढून पाहिली नाही. पाहायची गरज नव्हती.

सिस्टर म्हणायच्या, वाचणाऱ्याला काम सांग. तर हे काम. तुमच्या घरी, तिकडे, विमानानं आई येणार असेल, तुमची नाही तर बायकोची, तर तिला झोप येणार नाही हे धरून चालू नका. ती मागेल याची वाट पाहू नका, ती मागणार नाही. तिची अंघोळ होऊ द्या, दार लावून घ्या, आणि पहिल्या रात्री बाळ तुमच्या मांडीवर घ्या.